आरशाची बाजू

माझी देलू आत्या भित्री होती. हे मी तिच्या माघारी म्हणत नाही, तिच्या तोंडावरही म्हणायचो. वारा सुटला की भ्यायची, अवेळी कोंबडं आरवलं की भ्यायची, वाटेत गाढव ठेचकाळलं तरी छातीवर हात ठेवून मटकन खाली बसायची. सगळ्यात जास्त भ्यायची ती विहिरीला. तरीही आमच्या गिदान मारके गावात खणत्या विहिरीच्या तोंडाशी रोज बसणारी बाई एकच होती, आणि ती तीच.

आमच्या विहिरी हातानं खणतात. रुंदी एवढीच, की खाली उभ्या माणसानं दोन्ही हात पसरले की बोटं भिंतींना टेकतात. खोली मात्र पंधरा पुरुष, म्हणजे पंधरा माणसं एकावर एक उभी, कधी वीस. तिथं दिवसाही काही दिसत नाही. कंदील न्यावा तर तो खणणाऱ्याच्या वाटणीची हवा खातो. टॉर्च न्यावी तर बॅटऱ्या चार दिवसांत मान टाकतात. म्हणून वर एक माणूस आरसा घेऊन बसतो आणि आभाळातलं ऊन वळवून खाली पाठवतो. खालचा माणूस त्या उजेडावर कुदळ चालवतो, आणि भिंतीकडे लक्षही त्याच उजेडात ठेवतो.

आत्याचा नवरा विहिरीतच गेला. आरसा धरणारा चहा प्यायला उठला होता. खाली अंधार झाला, आणि त्या अंधारात भिंत कधी फुगली हे त्या बिचाऱ्याला कळलंच नाही. पुढे आत्याचा थोरला, लावाली, अंगानं भरला आणि त्यानं बापाची कुदळ उचलली, तेव्हा ती त्याला एक शब्दही बोलली नाही. बोलणार कशी? आमच्यात आई पहिल्या मुलाचं नाव घेत नाही. त्याला जवळ घेत नाही, चारचौघांत त्याच्याकडे डोळा वर करून बघत नाही. लाज ती. धाकट्यांना मांडीवर घ्या, मुके घ्या, थोरल्याला नाही. लावालीच्या लग्नात आत्या दिवसभर शेजारणीच्या घरात दार लावून बसली होती, आणि सगळ्यांनी तिला चांगली आई म्हटलं.

बोलली नाही, पण तिनं एक केलं. स्वतःच्या लग्नात आलेल्या कपाटाच्या दाराचा आरसा तिनं पात्यानं खरवडून सोडवला, जुन्या कापडात गुंडाळला आणि थेट इलू काकांकडे गेली. इलू काका म्हणजे आमचे विहिरींचे म्होरके. आयुष्यभर धूळ छातीत भरल्यामुळे त्यांचा आवाज पार बसलेला होता. बोलले तर शेजारच्याला ऐकू येई, त्याच्या शेजारच्याला नाही.

"आजपासून आरसा मी धरणार," आत्या म्हणाली.

"बाईमाणूस विहिरीवर? लोक काय म्हणतील, देलू?"

"लोक कुठे खाली उतरतात?"

काकांनी खाकरून घेतलं आणि तिला शिकवायला बसले. मी तेव्हा परीक्षेत दोनदा नापास होऊन दोर ओढायच्या कामाला लागलो होतो, त्यामुळे ती शिकवणी मी फुकटात ऐकली. काकांनी बाजरीचं एक धाट आरशाच्या मधोमध सरळ उभं धरलं. "हे बघ. ऊन या धाटाशी जेवढं तिरकं येतं, तेवढंच तिरकं धाटाच्या दुसऱ्या अंगानं निघून जातं. कमी नाही, जास्त नाही. आरसा लबाडी करत नाही." पुढे मी शहाणा झालो, मास्तर झालो, आणि हाच नियम पुस्तकात वाचला. तिथं धाटाच्या जागी तुटक तुटक रेघ होती, एवढाच फरक.

आणखी एक गोष्ट आत्याला तिची तीच कळली. आरसा बोटभर कलला तर खालचा उजेड दोन बोटं कलल्यासारखा पळतो. कारण ऊन येण्याचा तिरकेपणाही बदलतो आणि जाण्याचाही. त्यामुळे सूर्य सरकेल त्याच्या निम्म्यानंच आरसा वळवायचा. हात एकदा थरथरला, की खाली उजेड दुप्पट थरथरतो. आता भित्र्या बाईचे हात थरथरणार नाहीत तर काय? म्हणून ती विहिरीच्या तोंडावर आडवा ओंडका टाकून त्यावर आरसा टेकवायची, त्याच्या मागे गुडघे टेकून बसायची आणि काचेच्या कडेवरून एक डोळा खाली लावायची.

लावालीच्या तोंडावर मात्र तिनं कधी उजेड पाडला नाही. डोळे दिपले की कुदळ पायावर बसते. उजेड नेहमी त्याच्या हातांशी, त्याच्या पायांशी. मी वरून बघायचो आणि मला वाटायचं, हिला मुलाला हात लावायची बंदी आहे, उजेड लावायची कुणी केलेली नाही.

विहिरीवर दोन नियम कडक होते. एक, आरशाच्या जवळ किंवा समोर कुणी फिरकायचं नाही. सावली पडली की खाली अंधार. आम्ही दोर ओढणारे चौघं आणि काका सगळे एका अंगाला, आत्या एकटी दुसऱ्या अंगाला. दुसरा नियम, आरसा पालथा झाला तर खालच्यानं विचारपूस न करता दोराच्या फासात बसायचं आणि वर यायचं. हाका मारून उपयोग नसतो. पंधरा पुरुष खाली गेलेला आवाज भिंतींवर आपटून आपटून नुसता गडगडाट होतो, त्यात शब्द हाती लागत नाहीत. मोठ्यानं, एकच शब्द लांबवला तर कुठे पोचतो.

त्या वर्षी उन्हाळ्यात मशिदीमागच्या कडुनिंबाजवळ विहीर घेतली होती. तेरा पुरुष झाली होती. आणि त्या आठवड्यात आत्यानं आरसा पालथा केला.

लावाली कोपरं सोलवटून घेत वर आला. त्याचा चेहरा मातीनं तांबडा झाला होता, मातीखाली भीतीनं पांढरा असेल. काका वाकून बघायला लागले, आणि विहिरीच्या काठावरून एक सरडा निवांत चालत गेला. त्याच्या पायानं दोन खडे पडले होते. तेवढ्यावर हे सगळं.

मग मी काय सोडतो? लावाली माझा आतेभाऊ. आमच्यात मामे-आतेभावांनी एकमेकांची टिंगल करायची ही रीतच आहे, नाही केली तर लोक विचारतात की भांडलात का. "ए गुलामा," मी म्हणालो, "सरड्यानं चावा घेतला का रे? दाखव कुठे ते. गावाला सांगतो, लावालीला सरडा पाडून गेला."

"तू गप. तुझ्यापेक्षा सरडा बरा, तो निदान दोर ओढायचं सोंग तरी करत नाही."

सगळे हसले. आत्या मान खाली घालून काच पुसत राहिली. लावाली तिच्याकडे न बघता मला म्हणाला, "तुझ्या आत्याला सांग, पुन्हा अंधार झाला तर मी हलणार नाही. कुणी भ्यालं म्हणून मी रोज कातडी सोलून घेणार नाही."

मीही तिच्याकडे वळून म्हणालो, "ऐकलंस ना, आत्या?" आणि वर आणखी हसलो. ते हसणं आजही मला टोचतं.

तिसऱ्या दिवशी दुपारचा नमाज झाला. डोक्यावरचा सूर्य विहिरीत आपणहून डोकावतो ती घटका संपली होती. आत्यानं तुंब्यातला फुरा, बाजरी कालवलेलं ते दूध, अर्धा ठेवला, ओंडक्यामागे बसली आणि ऊन खाली सोडलं. लावालीच्या कुदळीचा ठप्प ठप्प आवाज येत होता. आम्ही मातीची एक टोपली वर ओढून रिकामी केली, दुसरी सोडली. तेवढ्यात आत्या म्हणाली, "काका, समोरच्या भिंतीला सहा पुरुष खाली काहीतरी चमकतंय."

काका आमच्या बाजूनं वाकले. मीही वाकलो. भिंत होती तशी होती, तांबूस, कोरडी, निस्तेज.

"काही नाही, देलू."

"चमकतंय, काका. सकाळी नव्हतं."

"बाई, मी बघतोय ना. माती आहे."

मी म्हणालो, "आत्या, सरड्याची बायको असेल. नवऱ्याला शोधायला आली असेल." दोर ओढणारे हसले.

आत्या हसली नाही आणि रागावलीही नाही. तिचे ओठ हलत होते, दुवा म्हणत असावी. मग तिनं दोन्ही हातांनी आरसा उलटला. विहीर काळी झाली.

आम्ही दोराकडे बघत राहिलो. दोर ताणला जायला हवा होता. तो ढिला तसाच राहिला. मग दोन झटके आले. त्याचा अर्थ, उजेड द्या. आणि उजेडाची वाटही न बघता खालून पुन्हा ठप्प आवाज आला. तो अंधारात खणत होता. हट्टानं खणत होता. त्या कुदळीचा दणका भिंतीला बसतोय हे आत्याला कळत होतं.

तिनं आरसा पुन्हा सरळ केला. "मोठं झालंय," ती म्हणाली. "तानिमू, इकडे ये."

"आरशाच्या बाजूला? काका मारतील मला."

"इकडे ये म्हणते ना."

तिचा आवाज असा होता की माझे पाय आपोआप निघाले. विहिरीवर दोन वर्षं काम करून मी त्या बाजूला कधी गेलो नव्हतो. कुणीच गेलं नव्हतं. मी तिच्याजवळ उकिडवा बसलो, खाली पाहिलं. मला काही दिसलं नाही.

"नाही गं, आत्या."

तिनं माझा कान धरला आणि माझं डोकं ओढून आपल्या गालाला चिकटवलं, अगदी काचेच्या कडेशी. आणि मला ते दिसलं.

समोरच्या भिंतीला, निम्म्या खोलीच्या जरा वर, एक पोट आलं होतं. त्या पोटाच्या वरच्या अंगावर ताटाएवढा डाग चमकत होता, तव्यावर तेल फिरवावं तसा. मी डोकं वीतभर मागे घेतलं, डाग विझला. पुढे आणलं, पुन्हा पेटला.

आज मी मुलांना हे फळ्यावर काढून दाखवतो. कोरडी माती खरबरीत असते, ती उजेड दाही दिशांना उधळते, म्हणून ती कुठूनही दिसते आणि कुठूनही सारखीच दिसते. पाण्यानं भिजून गुळगुळीत झालेली माती आरशासारखी वागते. ती उजेड एकाच वाटेनं परत धाडते, आणि त्या वाटेवर डोळा असेल त्यालाच ती चमक दिसते. इतरांना नाही. काका खोटं बोलत नव्हते. ते चुकीच्या बाजूला उभे होते, आणि आमच्या नियमानं योग्य बाजूला फक्त आत्या असायची. गेल्या पावसाचं पाणी वाळूच्या एका थरात अडून बसलं होतं, आणि आता ते लावालीच्या डोक्यावर भिंत ढकलत होतं.

तेव्हा मात्र मला यातलं काही सुचलं नाही. "काका, पाणी! भिंतीत पाणी आहे," मी म्हणालो, आणि विहिरीत तोंड घालून ओरडलो, "ए, वर ये! भिंत पडतेय! वर ये!"

खालून गडगडाट आला, त्यातून हसणं ओळखू आलं. माझा आवाज होता ना. ज्या आवाजानं त्याला आयुष्यभर गंडवलं, बाप आला म्हणून, साप आला म्हणून, सासरा आला म्हणून, तोच आवाज. मी पुन्हा ओरडलो, "शपथ घेतो, ये!" ठप्प, खालून कुदळ आली. काकांनी ओरडायला तोंड उघडलं आणि त्यांना खोकल्याची उबळ आली. खोकत खोकत ते खाली बसले. दोरावरचे बाकीचे तिघं परगावचे होते. त्यांनीही हाका घातल्या, पण मीच त्यांना चढवलं असणार असंच त्याला वाटलं असेल. भिंतीवरून भाकरीएवढं एक ढेकूळ सुटलं आणि क्षणभरानं खाली आपटल्याचा आवाज आला.

मी आत्याकडे पाहिलं. ती आरसा घट्ट धरून होती. मशिदीजवळ सावलीत बसलेले म्हातारे, पाण्याच्या घागरी घेऊन थांबलेल्या बायका, सगळे आता आमच्याकडे बघत होते. तिनं एकदा त्या बायकांकडे पाहिलं, मग डोळे मिटले.

"लावालीऽऽऽ!"

असा आवाज त्या बाईच्या छातीत कुठे होता देव जाणे. तो सरळ खाली गेला. म्हाताऱ्यांपैकी एकानं "अस्तगफिरुल्ला", देवा माफ कर, म्हणून कानावर हात ठेवले.

कुदळ थांबली.

"लावालीऽऽऽ!"

दोर ताणला गेला.

"मागे व्हा, मागे होऊन ओढा," काका घरघरले, आणि आम्ही काठ सोडून मागे पळत ओढू लागलो. इतकं वजन मी कधी ओढलं नाही आणि इतका हलका माणूसही कधी ओढला नाही. मला खाली दिसत नव्हतं, मला फक्त आत्या दिसत होती. तिचे हात थरथरत होते आणि खाली उजेड दुप्पट थरथरत असणार, हे मला माहीत होतं. भिंतीत पाय रोवायला खाचा असतात. त्या दिसल्या नाहीत तर तो भिंतीच्या त्या पोटावर आदळेल, हेही माहीत होतं. मग मी तिला काय करताना पाहिलं? तिनं आरशावर स्वतःची हनुवटी दाबली, मान ताठ केली आणि सगळं अंग ओंडक्यासारखं करून टाकलं. तिचे दात काचेवर वाजत होते, पण काच हलत नव्हती. पुढे लावालीनं मला सांगितलं की त्या पोटाजवळून येताना उजेड त्याच्या पायापुढची एक एक खाच दाखवत होता, जणू कुणी बोट धरून चालवावं.

त्याचे हात काठावर आले. आम्ही त्याला बखोटीला धरून बाहेर काढलं, दहा पावलं फरफटत नेलं. मग जमिनीनं एक उसासा टाकला. फार मोठा आवाज नव्हता. विहिरीच्या तोंडातून धूळ वर आली, ओंडका कलला, आणि आत्याचा आरसा त्याच्याबरोबर आत गेला. ती तिथंच गुडघ्यांवर बसून होती. काकांनी तिला पाठीमागून धरून ओढलं.

लावाली बराच वेळ माती थुंकत होता. मला टिंगल सुचेना, म्हणून मी त्याला तुंब्यातला उरलेला फुरा पाजला.

"अंधार झाला तेव्हा वाटलं, भ्याली," तो हळूच म्हणाला. "तू ओरडलास तेव्हा वाटलं, खेळतोयस. मग नाव ऐकलं. तो आवाज मला माहीत होता रे, पण त्या आवाजात माझं नाव मी कधी ऐकलं नव्हतं. वाटलं, मी मेलोच. जिवंतपणी ती काही माझं नाव घेणार नाही, हे मला ठाऊक होतं."

"मग?"

"मग दुसऱ्यांदा घेतलं. मेलेल्याला कुणी दोनदा बोलवत नाही. तेव्हा दोर धरला."

आत्या त्यानंतर पंधरा दिवस घराबाहेर पडली नाही. भीतीनं नव्हे, लाजेनं. बायका कुजबुजल्याच: पोराचं नाव घेतलं, सगळ्यांदेखत, तेही दोनदा. जिनं पहिल्यांदा कुजबुज केली तिच्या घरी मी जाऊन दोन शब्द सुनावून आलो, आणि ते शब्द इथं लिहिण्यासारखे नाहीत.

गावानं वीस पावलांवर नवी विहीर घेतली. या वेळी काकांनी नियम बदलला: रोज सकाळी आणि दुपारी प्रत्येकानं एकदा आरशाच्या बाजूला येऊन, काचेच्या कडेशी डोळा लावून भिंत बघायची. लावालीनं तेसावाच्या बाजारातून नवा आरसा आणला आणि माझ्या हातात दिला. "तुझ्या आत्याला दे," म्हणाला. ती दुसऱ्या दिवशी पहाटेच ओंडक्यामागे येऊन बसली. पहिले काही दिवस भिंतीचा एक खडा घरंगळला तरी आम्हा सगळ्यांचा श्वास अडकायचा. आता आम्हीही तिच्याइतकेच भित्रे झालो होतो.

सतराव्या पुरुषाला पाणी लागलं. कळलं ते असं, की आत्यानं सोडलेला उजेड खालून परत आला आणि तिच्या हनुवटीखाली, गळ्यावर नाचायला लागला. लावाली घोटाभर पाण्यात उभा होता. आम्ही वर ओरडलो, हसलो, काकांनी डोळे पुसले.

खालून लावालीचा आवाज गडगडत आला. शब्द नीट लागेनात, त्यानं तीनदा म्हटलं तेव्हा कुठे मला समजलं. तो म्हणत होता, "तानिमू, तुझ्या आत्याला विचार, माझं नाव काय?"

मी आत्याकडे पाहिलं. तिनं पदरासारखं अंगावरचं कापड तोंडावर ओढून घेतलं. मग एका हातानं आरसा जरासा, अगदी केसभर कलवला.

इतक्या वर्षांत तिनं त्याच्या डोळ्यांवर उजेड कधी पाडला नव्हता. आता तो पूर्ण त्याच्या तोंडावर पडला. त्यानं डोळे मिटले, पण तोंड बाजूला घेतलं नाही. सूर्य सरकेपर्यंत तो तसाच वर तोंड करून उभा होता, आणि आम्ही दोर धरून थांबलो.